शोरूमशी तडजोड की ग्राहक आयोग?

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी परत आली तेव्हा मीटर ६३ किलोमीटर पुढे गेलेला आणि डाव्या दारावर खिळ्याने ओढल्यासारखी रेघ. मॅनेजर म्हणाला, 'थई जशे, साहेब', म्हणजे होऊन जाईल. बडोद्यात हे वाक्य ऐकलं की माणूस निम्मा गार होतो.

तडजोडीचा फायदा एकच, पण मोठा: दार चार दिवसांत रंगवून मिळतं. फुकट पॉलिश, पुढच्या खेपेला सूट, अशी गोड बोलणीही होतात. मात्र सगळी तोंडी. मेलवर लिहून मागितलं की आवाज बदलतो. मीटरबद्दल तर 'टेस्ट ड्राइव्ह' यापलीकडे उत्तर नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की थोडी धग लागते, पण ती हुकूम देऊ शकत नाही.

जिल्हा ग्राहक आयोग देऊ शकतो. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. पण तारखा पडत राहतात, आणि पुरावा आपणच उभा करायचा: फोटो, डॅशकॅम आणि जॉबकार्डवरचा, म्हणजे सर्व्हिसिंगच्या नोंदीच्या कागदावरचा, गाडी देतानाचा मीटरचा आकडा. तो सही करताना कोण वाचतं? मीही वाचला नव्हता. नशीब, लिहिलेला होता.

नुसती रेघ असती तर मी आयोगाच्या वाटेला गेलोच नसतो. दार त्यांच्याकडूनच रंगवून घेतलं, पण 'तक्रार मिटली' या कागदावर सही केली नाही. त्या ६३ किलोमीटरांसाठी आधी नोटीस, मग आयोग.