बारा आर्केटाइपचे पत्ते : गावच्या शाळेत कितपत चालतात?

गोष्ट रचायला शिकवणाऱ्या या संचात ४८ पत्ते आहेत. १२ चेहऱ्यांचे (राजा, नायक, ज्ञानी असे आर्केटाइप, म्हणजे गोष्टींत पुन्हा पुन्हा येणारे माणसांचे मूळ नमुने), १२ नायकाच्या प्रवासाच्या टप्प्यांचे, २४ प्रश्नांचे, आणि सोबत चोपडीएवढी पुस्तिका. किंमत साडेतीनशे रुपये. सहावी ते आठवीच्या पोरांना आणि गणपतीत नाटक बसवणाऱ्या मंडळांना तो उपयोगी पडतो, मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनं नाही. टप्प्यांचे नऊ पत्ते बाजूला काढायचे आणि चेहऱ्यांत एक पत्ता घरचा घालायचा, मग तो कामाचा होतो.

आधी पुस्तिकेतली चूक, कारण पुढच्या सगळ्या अडचणी तिथून निघतात. पहिल्याच पानावर छापलंय की स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १२ आर्केटाइप शोधले. युंगनी अशी मोजून यादी कधी केली नाही. आर्केटाइप, म्हणजे मराठी समीक्षेत ज्याला आदिबंध म्हणतात तो शब्द त्यांनी १९१९ पासून वापरला. सावली, माता, बालक, शहाणा म्हातारा, उलटापालट करणारा खट्याळ, अशा कितीतरी आदिबंधांवर ते लिहीत राहिले. बाराची यादी अमेरिकी लेखिका कॅरल पिअर्सन यांची, १९९१ सालची. २००१ मध्ये त्यांनी मार्गारेट मार्क यांच्यासोबत ती ब्रँडच्या कामाला लावली. कोणत्या साबणाचा स्वभाव कसा दाखवायचा, कोणत्या गाडीचा कसा, हे ठरवायला.

आदिबंध म्हणजे काय, हे युंगनी १९३६ मध्ये एका उपमेतून सांगितलं होतं. आदिबंध हे नदीच्या कोरड्या पात्रासारखे असतात. पाणी आटतं, पण परत आलं की त्याच वाटेनं वाहतं. विदर्भातल्या पोराला हे समजवायला फळा लागत नाही. मे महिन्यात गावच्या नाल्यात नुसती रेती आणि गोटे असतात, आणि मिरग बरसला की पाणी कुठून जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पात्र ठरलेलं, पाणी दरवर्षीचं नवं. असं पात्र माणसाला जन्मजात मिळतं हे युंगचं म्हणणं मानसशास्त्रात अजून वादाचं आहे आणि ते सिद्ध करणं अवघड आहे. गोष्ट रचायला मात्र ही उपमा पुरून उरते.

संचातली चित्रं नेमकी याच्या उलट जातात. नदीचं पात्र मोकळं ठेवायचं सोडून त्यांनी पाणीच छापून दिलं आहे. राजाला मुकुट, नायकाला घोडा आणि तलवार, ज्ञानी माणसाला पांढरी दाढी आणि काठी. राजाचा पत्ता निघाला की पोरं राजवाडा, राणी, शेजारचं राज्य असं सांगत सुटतात, आणि पाच मिनिटांत टीव्हीवरची मालिका तयार होते. ज्या आजीच्या हातात घरची किल्ली आहे आणि जिच्या होकाराशिवाय कापूस विकला जात नाही, ती राजाच्या जागी बसू शकते हे त्या मुकुटापायी सुचतच नाही.

इलाज सोपा आहे. पत्त्यांची मागची बाजू कोरी आहे. तिथे मार्करनं चेहऱ्याऐवजी काम लिहायचं आणि खेळताना तीच बाजू वर ठेवायची. राजा : ज्याच्या शब्दावर सगळे थांबतात. नायक : जो भीत असूनही जातो. ज्ञानी : जो उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. (गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. डोक्यावर गाडगं, हातात खराटा, आणि समोरच्या लोकांना एकामागून एक प्रश्न. दाढीवाल्या चित्रातून हे कळत नाही.) रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये हेच केलं होतं. शंभर परीकथा तपासून त्यांनी ३१ घटना आणि ७ भूमिका काढल्या, त्या कोण कसं दिसतं यावरून नाही, कोण काय करतं यावरून. त्यामुळे एकाच पात्राकडे दोन भूमिका देता येतात. पोरांनाही ते लगेच जमतं.

विदूषकाच्या पत्त्यावर घुंगरांची टोपी आहे, म्हणून पोरं नुसते विनोद सांगतात आणि गोष्ट जागेवर थांबते. मागे लिहावं : जो नियम मोडतो आणि त्यामुळे खरं बाहेर येतं. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकाला रात्र रात्र बसलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. बारा चेहऱ्यांत सावली नाही. निरागस, बंडखोर, शोधक, प्रियकर, सांभाळणारी, सगळे आहेत. माणूस स्वतःचा जो भाग नाकारतो आणि दुसऱ्यावर ढकलतो, तो नाही. ब्रँडला सावली नको असते हे समजतं. गोष्टीचं मात्र तिच्यावाचून अडतं. या संचावर रचलेल्या गोष्टी गुळमुळीत निघतात त्याचं कारण हेच. सगळे चांगले, मग भांडण कशाचं?

म्हणून तेरावा पत्ता घरी करायचा, आणि त्याला नाव मारबत. पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाचा मेढा, म्हणजे पानांची फांदी, लागतो. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या पहाटे, तो उचलून ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत शिवेबाहेर टाकतात. खोकला, ताप, इडापिडा, सगळं त्याच्यासोबत. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडेचे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, पण खेड्यातला मेढा या कामाला जास्त चांगला, कारण तो ज्याच्या त्याच्या दारातला असतो. कोऱ्या पत्त्यावर पळसाची तीन पानं काढा. मागे लिहा : नायकाच्या घरातून शिवेबाहेर काय गेलं पाहिजे? पोरं आधी खोकला म्हणतील, मग डास. तिसऱ्या-चौथ्या उत्तराला राग, खोटं बोलणं, मोठ्या भावाचा हेवा, असं यायला लागतं. त्यातली एक गोष्ट दुष्ट पात्राला द्यायची आणि तीच थोडी नायकालाही ठेवायची. दोघं समोरासमोर आले की गोष्ट आपोआप ताठ उभी राहते. सावलीला काळ्या रंगाचं, शिंगाचं चित्र मात्र काढू नये. वर्गातल्या सावळ्या पोरांना ते लागतं, आणि सावली म्हणजे खलनायक हा गैरसमजही पक्का होतो.

टप्प्यांचे १२ पत्ते ४० मिनिटांच्या तासात संपत नाहीत. पाचव्यापर्यंत पोरं दमतात आणि उरलेले रिकाम्या जागा भरल्यासारखे उरकतात. हा साचा ख्रिस्तोफर व्होग्लर यांनी पुराकथांचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांच्या १९४९ मधल्या १७ टप्प्यांवरून पटकथाकारांसाठी बेतला. तीनच ठेवा : घर सुटणं, अडणं, परत येणं. भुलाबाईच्या गाण्यांतल्या सासुरवाशिणीची गोष्ट रचायची असेल तर पहिला आणि तिसरा बदलून घ्या. तिथे घर सोडणं हे संकट असतं आणि माहेरी परतणं हीच मोहीम. पुस्तिकेत याचा विचार कुठेच नाही.

बसण्याची पद्धत अशी. चार-पाच जणांचा गट, याहून मोठा नको, नाहीतर दोघंच बोलतात. प्रत्येक गटाला चेहऱ्यांचे तीन पत्ते, कामाची बाजू वर, त्यातला एक मारबत. दहा मिनिटं नुसतं ‘हे काम आपल्या गावात कोण करतं’ एवढंच बोलायचं, माणसाचं नाव न घेता. मग तीन टप्पे, दर टप्प्याला पाच मिनिटं. उरलेल्या वेळात सांगणं. लिहायला लगेच लावू नका, शुद्धलेखनाच्या धास्तीनं गोष्ट आक्रसते. पहिल्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टच द्यावी. कावळ्याचं शेणाचं घर आणि चिमणीचं मेणाचं घर ही गोष्ट लीळाचरित्रातही येते, म्हणजे तेराव्या शतकापासूनची, आणि तो ग्रंथ आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. ती कावळ्याच्या बाजूनं सांगायला लावा. दार उघडायला उशीर करणारी मग कोण ठरते, यावर गटात हमखास वाद होतो, आणि आदिबंध आणि ठोकळेबाज पात्र यांतला फरक त्या वादात आपसूक कळतो.

२४ प्रश्नपत्त्यांपैकी पोरांना लागतील असे चार काढून टाका. ‘तुझ्या वडिलांनी तुला काय दिलं?’ हा त्यातला पहिला. कर्जापायी बाप गमावलेली पोरं इथल्या वर्गांत असतात. कोणताही पत्ता कारण न देता परत ठेवता येईल, हा नियम खेळ सुरू होण्याआधी मोठ्यानं सांगा आणि पहिल्यांदा शिक्षकानं स्वतः एक पत्ता परत ठेवून दाखवा. हे मन मोकळं करवण्याचं औषध नाही. कोणी रडायला लागलं तर खेळ थांबवायचा, त्याला पुढे बोलतं करायचं नाही.

कागद बरा आहे, पण चकचकीत असल्यानं ओट्यावर उन्हात बसलं की चित्र दिसत नाही. कडा पावसाळ्यात फुगतात. नवा असतानाच चारही कडांना सेलोटेप लावा आणि रबरानं बांधण्यापेक्षा पत्र्याच्या डब्यात ठेवा, रबराची खाच पडते. कोरे पत्ते संचात एकही नाहीत, ते कार्डशीटचे कापून घ्यावे लागतात. मारबत प्रत्येक गटाला एक, आणि पोरांनी स्वतः ओळखलेल्या कामांसाठी निदान पाच. रात्रभर पिकाची जागल करणारा त्यात बहुतेक असतोच.