"सगळी पिल्लं आम्हीच घेऊ" म्हणणाऱ्या फार्मवाल्यापासून सावध! (मुलुंड, ठाणे, बदलापूरकडच्यांनी तर नक्की वाचा)

आमच्या कुत्रीच्या मेटिंगच्या नावाखाली गेलेले एक्केचाळीस हजार पाचशे रुपये. आकडा आधीच लिहून मोकळी होते, म्हणजे "तसे किती गेले हो?" असं आडून आडून विचारायला नको. नंतरच्या ऑपरेशनचे ३४,००० वेगळे.

आणि हेही आधीच सांगते, मी फोनवर ओटीपी सांगणाऱ्यांतली नाही. माझी अख्खी नोकरी बँकेत गेली. हा माणूस घरी आला होता. चपला दाराबाहेर काढल्या, सासूबाईंच्या पाया पडला, दोन कप चहा प्यायला, चिकूने त्याचा हात चाटला. अशा माणसाकडे आधार कार्ड कोण मागतं? मागा. पाया पडला तरी मागा.

चिकू आमची चॉकलेटी लॅब्रॅडॉर, तीन वर्षांची. नाशिकच्या ओळखीच्या घरातून आणलेली, कागदपत्रं काही नाहीत. आमचे डॉक्टर पहिल्यापासून सांगत होते की पिल्लं घ्यायची नसतील तर नसबंदीचं ऑपरेशन उरकून टाका, नाहीतर पुढे गर्भाशयात पू होण्याची, स्तनांत गाठी होण्याची भीती असते. खर्च ९,००० सांगितला होता. पण घरात सासूबाई आणि सकाळी बागेत भेटणारी कुत्रेवाली मंडळी, सगळ्यांचा एकच सूर: "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला, मग करा ऑपरेशन." एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते किंवा ती शांत होते, याला काडीचाही वैद्यकीय आधार नाही. पण बागेत हे कुणाला सांगायला जा, तुम्हीच निर्दयी ठरता.

त्याच मंडळींपैकी एकाने याचा नंबर दिला. चॅम्पियन लाईनचा नर, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) पेपर, बदलापूरच्या पुढे फार्म. या धंद्यात लोक कसे बोलतात ते तुम्हाला माहीतच आहे, ते सगळं लिहीत नाही. याची मेख वेगळी होती. म्हणाला, पिल्लं दोन महिन्यांची झाली की सगळीच्या सगळी मी घेणार, प्रत्येकी १४,०००, आणि हे ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. दिलंही.

आता कुणी म्हणेल, हाव नडली. मुळीच नाही. टू बीएचकेत सात-आठ पिल्लं ठेवणार कुठे आणि द्यायची कुणाला, या एकाच काळजीने आम्ही इतके दिवस मागे हटत होतो. लेखी जबाबदारी घेणारा माणूस मिळाला म्हणून होकार दिला. जबाबदारीने वागायला गेलो आणि तिथेच गळाला लागलो. तो स्टॅम्प पेपर अजून कपाटात आहे. त्यावरचा पत्ता खोटा, साक्षीदाराची सही बहुतेक त्याच्याच हातची.

पैसे असे गेले. टोकन ५,०००. मेटिंगची उरलेली फी १३,०००. रक्ताच्या दोन टेस्ट, म्हणजे प्रोजेस्टेरॉन आणि ब्रुसेला, ४,८००. रिपोर्ट दाखवला मोबाईलवर, हातात कधी दिला नाही. फार्मवर राहण्याखाण्याचे ५,६००. पिल्लांच्या केसीआय नोंदणीचे आगाऊ ६,५००. हा आकडा वाचून जाणकार हसतील, कारण आईबाप दोघंही नोंदलेले असल्याशिवाय पिल्लांची नोंदणी होतच नाही आणि आमच्या चिकूकडे कागदाचा कपटा नव्हता. त्याला मी हे सांगितलंही होतं. "ते आपण करून घेतो ना ताई." 'करून घेतो' हे शब्द ऐकले की उठून चालू लागा. सोनोग्राफी २,२००. बाळंतपणाचं किट ४,४००, ते तर आलंच नाही.

मेटिंगचा व्हिडिओ मात्र आला. नर-मादी अडकलेली, मादी पाठमोरी. चॉकलेटी लॅब पाठीमागून सगळ्या सारख्याच दिसतात. मेटिंग आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्या, आणि नराची मायक्रोचिप स्कॅन करून तो नंबर कागदाशी ताडून बघा. "मालक समोर असला की कुत्री बुजते" हे ऐकून घेऊ नका.

आता ती सोनोग्राफी. महिन्याभराने तो गाडी घेऊन आला, कल्याणच्या 'आपल्या डॉक्टरकडे' चिकूला नेतो म्हणाला. मी निघाले तर म्हणे गाडीत पिंजरे आहेत, जागा नाही. दोन तासांत परत. हातात एक करडी प्रिंट, त्यावर पेनाने सहा गोल केलेले. सहा! सासूबाईंनी लगेच पेढे आणायला पिटाळलं. चिकू नेहमीप्रमाणे फरशीवर उताणी पडली आणि मी तिचं पोट खाजवायला बसले. मऊ, कोरडं पोट. केस जिथल्या तिथे. माझी दोन बाळंतपणं झाली आहेत. सोनोग्राफीनंतर ते गार जेल किती पुसलं तरी जात नाही, पुसायला दिलेला कागदच फाटून पोटाला चिकटतो, हे मला कुणी सांगायला नको. लॅबच्या दाट केसांत तर ते दिवसभर राहिलं असतं. माझा उजवा हात त्या कोरड्या पोटावर फिरत होता आणि डाव्या हातात ती प्रिंट होती. मी बघत होते प्रिंटकडे. दाराशी तो उभा, घरात पेढ्यांची गडबड, नवरा नाशिकला फोन लावतोय, त्यात जेल कुणाला आठवणार? आज रोज आठवतं. भांडी घासताना आठवतं.

त्याची शेवटची सूचना ऐका: "दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊ नका, ताणाने गर्भ पडतो. एक्स-रे तर अजिबात नको." खरं तर शेवटच्या दिवसांत पिल्लं मोजायला डॉक्टर एक्स-रेच काढतात. जो माणूस तुम्हाला तुमच्या डॉक्टरपासून लांब ठेवतो, त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा. आम्हाला तशीही आमच्या डॉक्टरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, त्यांचा सल्ला डावलला होता ना.

पोट वाढत होतं. चिकू भांडंभर पाणी प्यायची, जेवण सोडलं, मागून घाण वासाचा स्राव. फोनवर उत्तर: "गाभण कुत्री पाणी पितेच ताई." एका रात्री ती उठेचना. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ट्रिमरने पोटाचा मोठा चौकोन भादरला, बाटलीने जेल पिचकारलं (तेव्हा कळलं खरी सोनोग्राफी कशी असते) आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पिल्लू एकही नाही. गर्भाशय पुवाने भरलेलं. पायोमेट्रा. रातोरात गर्भाशय काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हे मेटिंगमुळे झालं असं म्हणता येणार नाही, ऑपरेशन न केलेल्या कुठल्याही मादीला हीटनंतर, म्हणजे माजावर येऊन गेल्यावर, काही आठवड्यांत होऊ शकतं. पण गाभण आहे या समजुतीत आम्ही दिवस घालवले, ते कुणामुळे? जे ऑपरेशन ९,०००त होणार होतं ते ३४,०००ला पडलं. चिकू वाचली. मादी हीटवरून गेल्यावर खूप पाणी पिऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खासगीत परवडत नसेल तर परळला बैलघोडा हॉस्पिटलला न्या.

पुढचा भाग पोलिसांचा. आमच्या ठाण्यात म्हणाले, माणूस बदलापूरचा, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे मुलुंडहून गेले, मुलुंडला जा. हद्दीचं कारण देऊन दखलपात्र गुन्हा नाकारता येत नाही, झिरो एफआयआरची सोय नव्या कायद्यातच आहे, असं मी म्हटलं तर साहेब म्हणाले, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." मागच्या टेबलावरून आवाज आला, "काय, सासरच्यांनी फसवलं वाटतं मुलीला!" सगळे हसले. मीही हसावं अशी त्यांची अपेक्षा होती.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, तक्रारीचा नंबर दिला. पण तोवर पैसे जाऊन महिने लोटले होते आणि खातं रिकामं. शंका आली की तासाभरात १९३० लावा, घरच्यांशी चर्चा नंतर.

तिसऱ्या खेपेला कहरच. २०१७च्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ती याच्याकडे नाही, त्यावर तरी कारवाई करा, असं मी लिहून नेलं. साहेबांनी अर्ज वाचला आणि मलाच विचारलं, "पिल्लं विकणार होता ना तुम्ही? मग तुमचं रजिस्ट्रेशन दाखवा." म्हणजे फसले मी, आणि आरोपीही मीच! क्रूरतेच्या कलमाखाली घ्या म्हटलं तर समजलं, १९६०च्या त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास! मुलुंड स्टेशनबाहेर दोन वडापावही जेमतेम येतील. आणि फसवणुकीचं म्हणाल तर त्या माणसाचं फोनवर ठरलेलं उत्तर: मेटिंग झालं होतं, गर्भ राहिला नाही तर तो निसर्ग. ते पोलिसांना पटलं. माझी कोरड्या पोटाची गोष्ट पटली नाही. "ही दिवाणी बाब आहे, वकील बघा."

त्याचा नंबर आजही चालू आहे, डीपीवर तोच कुत्रा. परवा बागेत एका मुलीने मला हौसेने व्हिडिओ दाखवला, तिच्या मादीचा म्हणून. तोच व्हिडिओ, तीच पाठमोरी मादी. तिचे १८,००० गेलेत.

ज्यांचे असे गेले असतील त्यांनी लाज सोडून आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. एकटीच्या अर्जाला दिवाणी म्हणतात, चारपाच जमले की तोच गुन्हा होतो, असं त्याच ठाण्यातल्या एका हवालदाराने मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं. माझा आणि त्या मुलीचा धरून दोन झालेत.