‘बंदूकसुद्धा चालेल’ म्हणाला, तिथेच उठायला हवं होतं

जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडायचा म्हणून कुणी तुम्हाला ‘इम्पोर्टेड अपस्केलर’ (जुन्या यंत्राचं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करून देणारा डबा) विकत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे ९,७०० रुपये गेले. ते परत येतील असं मला वाटत नाही, पण त्याच माणसाने तुम्हाला गाठू नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचा व्हिडिओ गेम १९९६ च्या दिवाळीतला. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, एक चौदा इंची टीव्ही, आणि बाबांनी बोनसमधून आणलेला हा गेम. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं, पण आत पाच-सहाच गेम फिरून फिरून यायचे. मारिओ, काँट्रा आणि बदकं मारायचा. त्या बदकांच्या गेमसाठी सोबत बंदूक होती, आणि ती आधी कुणाच्या हातात यावरून माझी नि दादाची रोज मारामारी. यंदा गणपतीला दादा नागपूरहून सहकुटुंब येणार होता. माळ्यावरून गेम काढला, पुसला, अडॅप्टर लावला तर लाल दिवा लागला. मला काय आनंद झाला सांगू!

पण माझा टीव्ही ५५ इंची, भिंतीवर टांगलेला. मागे हात घालून मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर एचडीएमआयची तीन भोकं, एक यूएसबी, एक इंटरनेटचं. गेमच्या पिवळ्या-पांढऱ्या पिना लावायला काहीच नाही. मग जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळताना ‘रेट्रो गेम अपस्केलर, झिरो लॅग, ४के रेडी’ अशी एक दिसली. झिरो लॅग म्हणजे बटण दाबल्यावर चित्राला जराही उशीर नाही.

नळस्टॉपजवळच्या एका अमृततुल्यात भेटलो. तिशीचा मुलगा, बोलणं अगदी आदबीचं, प्रत्येक वाक्यात ‘ताई’. मी फसले ती त्याच्या खोट्या बोलण्याला नाही, खऱ्या बोलण्याला. त्याने सांगितलेलं बरंचसं नंतर मी पडताळलं आणि ते बरोबर निघालं. जुनी यंत्रं दर वेळी पूर्ण चित्र साधारण २४० ओळींतच पाठवतात. नव्या टीव्हीला वाटतं की ही अर्धी चित्रं आहेत, म्हणून तो दोन-दोन चित्रं एकात एक गुंफायला जातो आणि सगळं लुकलुकतं. हा गोंधळ टाळायला खास यंत्रं मिळतात हेही खरं. ओएसएससी नावाचं एक आहे, ते प्रत्येक ओळ दुप्पट, तिप्पट करून पुढे देतं. २०२१ मध्ये आलेलं रेट्रोटिंक-५एक्स तर तेव्हा साधारण ३०० डॉलरचं होतं.

एवढं खरं सांगून झाल्यावर त्याने पिशवीतून काळा धातूचा डबा काढला. म्हणाला, “हे ओएसएससीचंच सर्किट आहे ताई, फक्त असेंब्ली इथली, म्हणून ८,५००.” आता मला कळतं की हे वाक्यच पुरेसं होतं. मूळ ओएसएससीला पिवळी पिन लावायची सोयच नाही, त्याला आरजीबी किंवा कंपोनंट, म्हणजे रंग वेगवेगळ्या तारांतून आणणारा सिग्नल लागतो. आमच्या जुन्या गेमला तर चित्रासाठी पिवळं आणि आवाजासाठी पांढरं भोक. हा डबा पिवळ्या पिनेचा म्हणजे ओएसएससी असणं शक्यच नव्हतं.

मी विचारलं, “आमच्याकडे बंदूक आहे, ती चालेल का?”

“बंदूकसुद्धा चालेल. झिरो लॅग आहे ना!”

हे मात्र धडधडीत खोटं होतं, आणि हा प्रश्न तुम्ही प्रत्येक विक्रेत्याला विचारा. त्या बंदुकीतून काही बाहेर पडत नाही, ती फक्त उजेड बघते. ट्रिगर दाबला की यंत्र क्षणभर पडदा काळा करतं आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतं. नेमक्या त्या क्षणी बंदुकीच्या नळीला उजेड दिसला तर बदक पडलं. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर सिग्नल आला की त्याच क्षणी ओळ उमटते, म्हणून हा हिशेब जमतो. आजचा टीव्ही चित्र आधी साठवतो, त्यावर काम करतो आणि मग दाखवतो. तोपर्यंत यंत्राने ‘नेम चुकला’ म्हणून ठरवलेलं असतं. मधे कितीही महागडा डबा लावा, पडद्याची ही सवय बदलत नाही. जो ‘बंदूक चालते’ म्हणतो, त्याला एकतर माहीत नसतं किंवा तो खोटं बोलत असतो.

चहाच्या टपरीवर टीव्ही कुठला? त्याने पॉवर बँकेला डबा जोडला, निळा दिवा लागला, “बघा, चालू आहे.” दिवा लागला म्हणजे फक्त वीज पोचली, एवढं मला तेव्हा सुचलं नाही. मोबाइलवर मारिओचा एक व्हिडिओ दाखवला, कडा अगदी चाकूने कापल्यासारख्या. तो याच डब्यातून काढलाय हे कशावरून, हेही मी विचारलं नाही. जीपे केलं.

घरी जोडलं तर चित्र आलं. म्हणूनच मला फसवणूक लगेच कळली नाही. मारिओ आडवा पसरून बुटका झालेला, निळ्या आभाळात बारीक रेघा वळवळणाऱ्या, आणि उडीचं बटण दाबल्यावर उडी इतक्या उशिरा की पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडले. त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “वायर लोकल असणार. माझ्याकडे गोल्ड प्लेटेड आहे, १,२०० ची, थेट एचडीएमआयवाली.” मी तेही पाठवले. पहिले पैसे वाया गेले हे मानायची तयारी नव्हती, म्हणून दुसरे गेले.

ती वायर आली. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल, मधे काही नाही. ही वायर अनेक ठिकाणी विकतात आणि गेमसाठी ती पूर्ण निरुपयोगी आहे. पिवळ्या पिनेतला सिग्नल अॅनालॉग, एचडीएमआयचा डिजिटल. मधे बदल करणारी चिप आणि तिला वीज नसेल तर नुसती तांब्याची तार काही करू शकत नाही. पडदा काळा तो काळाच. संध्याकाळी फोन केला तर नंबर ब्लॉक.

मग बुधवार पेठेत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे डबा घेऊन गेले. त्यांनी तो हातात तोलला आणि म्हणाले, “एवढा जड कशाला?” खालच्या स्टिकरखाली दोन स्क्रू लपवलेले होते. झाकण उघडलं. आत चारशे-पाचशेला मिळणाऱ्या साध्या एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टरची (पिवळ्या पिनेचा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारा डबा) सर्किटची हिरवी पट्टी, प्लॅस्टिकचं कवच काढलेली. त्यावरचा चित्र किती ओळींचं पाठवायचं ते ठरवणारा ‘७२०-१०८०’चा छोटा खटका टेपने चिकटवून टाकलेला. चिपवरची अक्षरं घासून काढलेली. दोन्ही बाजूंना ग्लू गनने चिकटवलेल्या लोखंडी पट्ट्या, वजनासाठी. आणि पुढे दिमाखात दिसणारी लाल-हिरवी-निळी तीन भोकं? त्यांच्या मागे एकही वायर नव्हती. काका कितीतरी वेळ ती भोकं बोटाने दाबून बघत होते.

काकांनीच मग विचारलं, “टीव्हीला ‘एव्ही इन’ आहे का बघितलं?” घरी येऊन पुन्हा मागे पाहिलं. हेडफोनचं वाटलेलं एक छोटं भोक होतं, शेजारी बारीक अक्षरांत एव्ही इन. त्याची जोडवायर टीव्हीच्या मूळ खोक्यात, मॅन्युअलच्या पिशवीत तीन वर्षं पडून होती. ती हरवली असेल तर मॉडेल सांगूनच घ्या, कारण त्या पिनेवरच्या कड्यांचा क्रम सगळ्या टीव्हींना सारखा नसतो. क्रम चुकला तर चित्राऐवजी स्पीकरमधून गुणगुण येते. लावल्यावर टीव्हीत गेम मोड चालू केला, चित्र ४:३ वर, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकारात ठेवलं. कडा मऊच आहेत, उडीला अजून किंचित उशीर होतो, पण मारिओ मारिओसारखा दिसतो. दादाने आणि त्याच्या लेकीने गौरीच्या दिवशी काँट्रा तासभर खेळला. बंदूक अर्थातच चालली नाही.

डबा कुणाकडून घेणार असाल तर स्वतःचा गेम घेऊन जा आणि टीव्हीवर चालवून दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. विक्रेता ‘इथे टीव्ही नाही’ म्हणाला तर परत या. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. तिथे व्यवहाराचा क्रमांक आणि चॅट लागतं. रागाच्या भरात मी अर्धं चॅट पुसून टाकलं होतं, तुम्ही पुसू नका.

परवा ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं आहे, किंमत ९,५०० झाली आहे, पण फोटोतला काळा डबा तोच, पुढची तीन रंगीत भोकंही तीच. खाली नवीन ओळ घातली आहे: ‘बंदूक चालते’.