एका टिकमार्कचं पुराण: वर्षाच्या वर्गणीवाला डिस्ट्रिब्युटर, अकरा महिन्यांनंतर

नूतनीकरणाचा मेल आला, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. डिस्ट्रिब्युटर म्हणजे आपली गाणी स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या ठिकाणी चढवून तिथला पैसा आपल्याकडे पोचवणारी कंपनी. नागपुरात रेकॉर्ड केलेली माझी 4 भीमगीतं आणि 2 अभंग तिच्या वर्षाच्या वर्गणीवर आहेत. वर्गणी थांबली की गाणी सगळीकडून उतरतात आणि कायम ठेवायची तर दर गाण्यामागे वेगळे पैसे. ही अट साइन-अप करताना बारीक अक्षरांत असते, रिन्यूच्या वेळी मात्र ठळक होते.

अपलोडबद्दल तक्रार नाही. 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल आणि 3000 बाय 3000 पिक्सेलचं कव्हर लागतं. स्टुडिओवाला व्हॉट्सॲपवर एमपी3 टाकून मोकळा होतो, ती चालत नाही. पेन ड्राइव्ह घेऊन जा. कव्हरवर मोबाइल नंबर छापला की गाणं परत येतं. 14 एप्रिलचं गाणं मार्चच्या पहिल्या आठवड्यात चढवा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं सप्टेंबरच्या सुरुवातीला. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते रिलीजच्या किमान 7 दिवस आधी जावं लागतं. दीक्षाभूमीवर गर्दी लोटल्यावर चढवलेलं गाणं कोणाच्याच कामाचं नाही.

आता तो टिकमार्क. फॉर्मच्या शेवटी 'यूट्यूब कंटेंट आयडी' असा चौकोन आहे. त्याची दर गाण्यामागे वेगळी वार्षिक फी, वर वसुलीतले 20 टक्के त्यांचे. टिक केलं की तुमचं गाणं ज्या-ज्या व्हिडिओत वाजेल त्यावर आपोआप दावा लागतो आणि जाहिरातीचा पैसा तुमच्याकडे वळतो. ऐकायला भारी. पण एका अभंगाची पहिली 22 सेकंदं म्हणजे नुसता ॲपमधला तानपुरा आणि कीबोर्डमधला तयार ठेका. तोच तानपुरा, तोच ठेका हजारो लोकांकडे. दावे कुणावर लागले? हार्मोनियम शिकणाऱ्या पोरांच्या रियाजाच्या व्हिडिओंवर! जुळलेला भाग पाहिला तर दर वेळी सुरुवातीचाच तुकडा. त्यांनी हरकती घेतल्या, आणि कंपनीने गाणं नाही तर सगळं खातंच तपासणीला टाकलं. सपोर्टचं उत्तर नवव्या दिवशी आलं, तेही छापील. वर आपल्याच चॅनलवरच्या व्हिडिओवर आपलाच दावा. काहून? चॅनलची लिंक सूट यादीत आधी टाकायची असते, हे कुठेच ठळक लिहिलेलं नाही.

पहिल्या तीन महिन्यांत या चौकोनाला एक तारा दिला असता. मत बदललं ते पुढे. अभंगाचा तो 22 सेकंदांचा तुकडा जुळवणीच्या संदर्भ फाइलमधून वगळायला लावला, आणि भीमगीतांतला तयार ठेका काढून ढोलकी प्रत्यक्ष वाजवून घेतली. फाइल बदलली म्हणजे आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) हाही नवा, हे ध्यानात ठेवा. त्यानंतरचे दावे मिरवणुकीच्या आणि जयंतीच्या व्हिडिओंवर लागले, म्हणजे जिथे लागायला हवे तिथेच. अहवाल दोन-तीन महिने उशिरा येतात. ते आल्यावर दिसलं की स्ट्रीमिंगपेक्षा ही रक्कम जास्त आहे. म्हणून: सगळं वादन स्वतःचं असेल तर टिक करा, एकही तयार लूप असेल तर नको.

स्ट्रीमिंगचा हिशेब कोरडा आहे. 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा एक पैसा मिळत नाही. सहा गाणी 800-800 वेळा वाजली तरी हातात शून्य, एकच 1000 वेळा वाजलं तर काहीतरी. अल्बमचा हट्ट सोडा, एकेक गाणं काढा. डब्ल्यू-8बेन हा अमेरिकेच्या कराचा फॉर्म पॅन टाकून आधीच भरा, म्हणजे अमेरिकेतल्या कमाईवर 30 ऐवजी 15 टक्के कापले जातात. पैसे दर महिन्याला काढू नका. दर वेळी काढण्याची फी आणि बँकेचा डॉलरचा भाव मिळून छोटी रक्कम खाऊन टाकतात.

डिस्ट्रिब्युटर देतो तो फक्त रेकॉर्डिंगचा पैसा. शब्द आणि चालीचा हिस्सा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून येतो. तिथे गीतकार-संगीतकाराने वेगळं सभासद होऊन गाणं नोंदवावं लागतं. अभंगाचे शब्द संतांचे, ते मोकळे आहेत. नवी चाल तेवढी तुमची. भीमगीतांत मात्र जपून. लोककवी वामनदादा कर्डक 2004 साली गेले, त्यांच्या शब्दांवर 2064 संपेपर्यंत हक्क आहे. 'सगळेच गातात' हे उत्तर तिथे चालत नाही.

मी रिन्यू करणार नाही. फी न घेता टक्केवारी कापणाऱ्या सेवेकडे जातोय. जाताना जुनी गाणी आधी उतरवायची नाहीत. 12 अक्षर-अंकी आयएसआरसी, नावाचं तेच स्पेलिंग आणि तीच वेव्ह फाइल देऊन नवीकडे चढवायचं, दोन्ही प्रती दिसू लागल्या की मग जुनी काढायची. नाहीतर वाजल्याचा आकडा पुन्हा शून्यावर. महिना उरलाय, तेवढ्यात सहाही गाणी बसतात.