निळ्या दिव्याचे २,८०० रुपये : कासव घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे आणि मला एका पेट शॉपवाल्याने दिव्यातच गंडवलं. हसा. घरचेही हसतात.

कानाशी लाल पट्टा असलेली पाणकासवं, रेड इअर्ड स्लायडर, जोडी १,२०० रुपये. काचेची टाकी ४,५००, फिल्टर १,६५०, खाण्याची डबी ३५० आणि 'इम्पोर्टेड यूव्हीबी दिवा' (उन्हातले अतिनील किरण देणारा म्हणे) २,८००. झाले १०,५००. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "अठरा टक्के वर लागतील, बघा." हे ऐकायची आपल्याला इतकी सवय आहे की खटकलंच नाही. पैसे यूपीआयने गेले, तेही कुणा बाईच्या खात्यावर.

खटकायला हवं होतं ते पुढेच. दिवा त्याने खोक्यातून काढला, लावून दाखवला, झकास निळा उजेड पडला आणि खोकं उचलून काउंटरखाली गेलं. "वॉरंटीसाठी कंपनीला दाखवावं लागतं दादा." वॉरंटी माझी आणि खोकं त्याच्याकडे! कामावर रेटिंग प्लेट, म्हणजे व्होल्ट-वॅट लिहिलेली पट्टी, नसलेली मोटर मी गेटातून आत येऊ देत नाही. पण पोरगी टबाला चिकटून बसलेली, दुकानात गर्दी, आणि यूव्हीबी डोळ्यांना दिसतच नाही. मी काय, कोणीही नुसतं बघून ओळखणार नाही. उलट 'निळा उजेड म्हणजे यूव्ही' असं सांगणारा दुकानदार दिसला की तिथून निघा.

यूव्हीबी नाही तर कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही. मोठ्या कासवाची पाठ कडेला ओल्या पुठ्ठ्यासारखी दबायला लागली. डोळे सुजले, कारण त्या डबीत निव्वळ सुकवलेला जवळा होता आणि 'रोज हेच घाला, बाकी काही नको' असा सल्ला. अ जीवनसत्त्व येणार कुठून? (३५० रुपयांत आपल्या बाजारात किती सुकट येते ते विचारूच नका.) डॉक्टरांचे १,९०० गेले. त्यांचा पहिला प्रश्न, दिवा कोणता? घरी येऊन टोपी उचकटली. आत नऊ वॅटचा साधा पांढरा एलईडी, वर निळं प्लास्टिक. रविवार कारंजावर शंभरच्या आत मिळेल.

दुकानदार म्हणतो, हा दिवा माझा नाहीच. खोकं दाखवा.

मग सरकारी दारं. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "कासव? वनखात्यात जा." साहेब सिंहस्थाच्या बैठकीला. वनखात्यात विचारलं, भारतीय जातीचं आहे का? नाही? मग आमचा विषय नाही. अहो, मी कासवाची नाही, दिव्याची तक्रार करतोय! पशुवैद्यकीय कार्यालयातले गृहस्थ गाई-म्हशींच्या लसीकरणात गुंतलेले. पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, २०१८चे नियम आहेत, हे मीच त्यांना सांगितलं. "असं का," म्हणाले आणि चहा मागवला. स्वतःसाठी.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, तिथे अर्ज टाकलाय. पुरावा काय, तर यूपीआयचा स्क्रीनशॉट. म्हणून अठरा टक्के भरा, पण बिल घ्या. खोकं सोडू नका.

'पाच इंचांवर वाढत नाही' ही दुसरी थाप. मादी दहा-बारा इंच होते, नीट ठेवली तर तीस वर्षं जगते. पाण्याबाहेर कोरडं बसायला जागा हवी. कोवळं ऊन थेट द्या, काचेतून आलेलं उपयोगाचं नाही. शेजारी सावलीही ठेवा. आणि कंटाळा आला म्हणून रामकुंडावर सोडून पुण्य मिळवू नका, ही परदेशी जात आपल्या कासवांच्या जिवावर उठते.

परवा त्याच दुकानावरून गेलो. काचेत तोच निळा दिवा लावलेला. आता ३,२०० सांगतो.