कॉपरप्लेट गिरवायचं की ऑर्नामेंटल?

जुन्या कोरीव कित्त्यांची पानं पाहून सुलेखनाच्या नादी लागलात, तर निवड बहुधा या दोघांतच होते: इंग्लिश कॉपरप्लेट किंवा अमेरिकन ऑर्नामेंटल पेनमनशिप. दोन्हींना टोकदार, लवचीक निब लागते, दोन्हींतलं अक्षर उजवीकडे झुकतं आणि दाब दिला की रेघ जाड होते. हाताला मात्र दोन्हींत अगदी वेगळं काम आहे.

आधी त्या पानांबद्दल. जॉर्ज बिकहॅमने १७३३ ते १७४१ या काळात पंचवीस सुलेखनकारांचे नमुने कोरून 'द युनिव्हर्सल पेनमन' भागाभागांनी काढला. मूळ अक्षर पिसाच्या लेखणीचं, पण छापून आलं ते तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने उलटं कोरलेलं. कोरणी केसासारखी रेघ काढते, हात थरथरला तर पत्रा घासून पुन्हा कोरता येतो. शाईला ही सोय नाही. त्या काळचे कारकून हेच वळण बऱ्यापैकी वेगात लिहीत. आपण मात्र आज कॉपरप्लेट म्हणून संथपणे जे घटवतो, त्यात नक्कल लिहिणाऱ्यापेक्षा कोरणाऱ्याची जास्त असते.

म्हणूनच तिथे अक्षर तुकड्यातुकड्यांनी जुळवावं लागतं. रोमन लिपीतला छोटा 'एन' घ्या: पहिली जाड रेघ खाली आणून निब उचलायची, मग पायथ्यापासून बारीक रेघ वर नेऊन वळवायची आणि पुन्हा दाब देत खाली यायचं. लेखनरेषेपासून मोजला तर साधारण ५५ अंशांचा कल, खाली येणारी जवळजवळ प्रत्येक रेघ ठळक. सगळं बोटांनी, सावकाश. चूक कुठे झाली ते लगेच दिसतं, त्यामुळे एकट्याने शिकणाऱ्याला हे बरं.

ऑर्नामेंटलचं मूळ अमेरिकन सुलेखनशिक्षक प्लॅट रॉजर्स स्पेन्सरच्या (१८००–१८६४) वळणात आहे. कल ५२ अंशांचा, छोटी अक्षरं सडपातळ, त्यांत जाड रेघ क्वचितच. सगळा थाट मोठ्या अक्षरांत: हात हवेतच फिरवून लय पकडायची, भलामोठा लंबगोल एका दमात घ्यायचा आणि मधेच एका क्षणी दाबून सोडायचं. दाब उशिरा पडला की जाडी भलत्याच जागी येते आणि दुरुस्तीला वाव नाही. याच शैलीतला नावाजलेला सुलेखनकार लुई मदारास (१८५९–१९१०), त्याची शाईतली मूळ पानं पाहिलीत की हा वेग कळतो. बोटं इथे फारशी कामाची नाहीत. खांद्यापासूनचा हात तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी रोज लंबगोलांची पानं भरायला हवीत. मला हे कॉपरप्लेटपेक्षा सुंदर वाटतं, पण रोज बसणं जमणार नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

पाकिटांवरची नावं, निमंत्रणं, प्रमाणपत्रं करायची असतील तर कॉपरप्लेट घ्या. ते वाचायलाही सोपं. सही, पत्रं, वेलबुट्टीदार पक्षी काढायची हौस असेल तर ऑर्नामेंटल.

सामानात फार फरक नाही. कॉपरप्लेटच्या सुरुवातीला निक्को जीसारखी जरा कडक निब बरी; ऑर्नामेंटलला लिओनार्ट प्रिन्सिपलसारखी मऊ लागते आणि ती खरखरीत कागदात अडकते. बारीक रेघेसाठी आयर्न गॉल (लोहक्षार आणि टॅनिनची) शाई उत्तम, पण ती पोलाद खाते, तेव्हा निब वरचेवर पुसा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दोन्हीकडे तिरका होल्डर (निब बाजूला तिरकी धरणारी दांडी) सोयीचा. बऱ्याच डावखुऱ्यांचं साध्या सरळ होल्डरवर भागतं.