पोर्ट्समथ की साउथॅम्प्टन?

इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या हॅम्पशर परगण्याची ही दोन बंदरं एकाच किनाऱ्यावर आहेत, पण दोघांचं पोट वेगळ्या धंद्यावर भरत आलं. पोर्ट्समथ आरमाराचं. राजा सातव्या हेन्रीने १४९५ मध्ये तिथे सुकी गोदी (पाणी काढून जहाज दुरुस्त करायची जागा) बांधायला काढली, आणि शहर सरकारी पैशावर वाढलं. लढाई आली की भरभराट, संपली की कपात. मला तिथली सर्वांत मोलाची जागा वाटते ती कप्प्यांची गिरणी. शिडाच्या एकेका जहाजाला दोर ओढायला शेकडो लाकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने १८०० नंतरच्या दशकात त्यासाठी यंत्रं बसवली आणि ११० कारागिरांचं काम १० माणसं करू लागली. आपलाही एक धागा इथे आहे: मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज बरीच वर्षं याच बंदरात प्रशिक्षणासाठी उभं होतं.

साउथॅम्प्टन व्यापाराचं आणि प्रवाशांचं. तिथे भरतीचं पाणी बराच वेळ टिकतं, त्यामुळे मोठ्या जहाजांना ये-जा करायला जास्त अवधी मिळतो. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ इथूनच निघाली. खलाशी, भट्टीवाले, वाढपी बहुतेक याच शहरातले. ती बुडाली तेव्हा गल्लीगल्लीत घरं उजाड झाली. लायनर, म्हणजे समुद्रापार प्रवासी नेणाऱ्या मोठ्या बोटी, गेल्या, पण कंटेनर, मोटारी आणि क्रूझ आल्या. पलीकडे फॉलीला तेलशुद्धीकरण.

पोर्ट्समथला जहाजबांधणी २०१४ मध्ये थांबली, आरमारी तळ मात्र आहे. हॅम्पशरचं अर्थकारण समजून घ्यायचं तर मी आधी साउथॅम्प्टनला जाईन. कारागिरी पाहायची तर पोर्ट्समथच.